नाव नको, दार सांगा

फार पूर्वी, केव्हा ते आता कुणालाच नेमकं सांगता येणार नाही, एक नगर होतं. वेळ सकाळची होती. सूर्य कासराभर वर आला होता. नगराच्या चावडीसमोर ढोल वाजला आणि दवंडीवाल्या म्हादबानं खबर दिली.

"ऐका हो ऐका. आपल्यातला एक तरणाबांड पोरगा टेकडीच्या लांडग्यांनी मारला. आजच, दिवस कलायच्या आत, आपली माणसं टेकडीवर चालून जातील. ज्याच्या घरात हत्यार असेल त्यानं ते घेऊन चावडीवर यावं."

एवढंच. मेलेल्याचं नाव नाही, बापाचं नाव नाही, आळीचं नाव नाही.

नाव का नव्हतं, ते आधी समजून घ्या. त्या नगरात एक रीत होती. मेलेल्या माणसाचं नाव तेराव्यापर्यंत कुणी तोंडातून काढायचं नाही. नाव घेतलं की जीव अडकतो, त्याला सुखानं जाऊ द्यावं, असं तिथं मानत. कोण गेलं, असं विचारणंही वाईट दिसे. विचारावं लागतच नसे म्हणा. रडणं ऐकू आलं की लोकांना दार कळायचं.

दुसरीही एक रीत होती. नगरात कुणी गेलं की सगळ्या चुली विझायच्या. मग दुसऱ्या आळीतलं कुणीतरी दुःखाच्या घरी पिठलं-भाकरी घेऊन जायचं. त्यावर कडुलिंबाचं एक पान. याला कडू घास म्हणत. घास पोचला की नेणारा चावडीवरची घंटा वाजवायचा, आणि मगच बाकीच्या घरांतून धूर निघायचा. एका घराचं दुःख सगळं नगर उपाशी राहून वाटून घ्यायचं. अशा रीती हुकमानं लावता येत नाहीत. त्यासाठी माणसांना माणसांविषयी माया असावी लागते.

आणि कुणीतरी त्या मायेवरच डोळा ठेवला होता.

टेकडीवर एक झरा होता. उन्हाळ्यात खालच्या विहिरी तळाला गेल्या तरी तो आटत नसे. टेकडीवरचे लोक त्याचं पाणी कुणालाही भरू देत. राजवाड्याला तो झरा कुंपण घालून हवा होता. टेकडीवरच्यांनी हात जोडून सांगितलं, "पाणी हवं तेवढं न्या, कुंपण घालू नका." त्यानंतर दवंड्या सुरू झाल्या. आधी आली, टेकडीवरच्यांनी पाण्यात काही कालवलं. मग आली, त्यांनी बैल पळवले. पाणी पिऊन आजारी पडलेला माणूस कुणी पाहिला नाही. रिकामी दावण कुणाच्या गोठ्यात दिसली नाही. तरी लोकांनी झऱ्यावर जाणं सोडलं. जिथं लेकी दिल्या होत्या, त्या वरच्यांना सगळे 'व्याही' म्हणत. दवंडीत 'टेकडीचे लांडगे' असा शब्द आला आणि थोड्याच दिवसांत तो बायका धुणं धुताना वापरू लागल्या.

तर त्या सकाळी खबर आली आणि चुली विझल्या. थोड्या वेळानं चावडीवरची घंटाही वाजली. घास पोचला, असं लोक समजले. पुरुषांनी भाले धुंडाळायला घेतले.

तेलीआळीत साळू आत्या नावाची एक म्हातारी राहायची. दोन घाण्यांची मालकीण. हात सढळ, जीभ त्याहून सढळ. सगळं नगर तिला आत्याच म्हणायचं, आणि जरा दबूनच असायचं. दवंडी ऐकून चावडीवर सगळ्यात मोठा आवाज तिनंच केला होता. "कुणाची कूस उजाडली गं बाई," म्हणत तिनं कपाळ बडवलं होतं. "जा रे, भरा बांगड्या नाहीतर उचला भाले," असं तिनं जवान पोरांना सुनावलंही होतं.

घराकडे वळल्यावर ती वाटेतच थांबली. तिची एकुलती लेक झुंबर टेकडीवर दिलेली होती. झुंबरच्या मांडीवर तान्हं मूल होतं.

ती तशीच मागं फिरली. चावडीच्या ओट्यावर राजवाड्याचे दिवाणजी उभे होते. कोणत्या आळीनं कुठून चढायचं, ते माणसांना समजावत होते.

"दिवाणजी, निघण्याआधी माझी लेक तेवढी खाली आणू द्या."

"साळूबाई, लेक तुमची होती. आता ती त्यांची सून."

"अहो, पण तान्हं आहे तिच्यापाशी."

"मेला त्यालाही आई होती," दिवाणजी म्हणाले, आणि आजूबाजूच्या माणसांनी माना हलवल्या.

शेजारी तुळाजी लोहार भाल्याला पातं बसवत होता. तो आत्याच्या अंगाखांद्यावर वाढलेला. पण आज त्याचंही तोंड कडवट होतं.

"आत्या, मघाशी आम्हाला बांगड्या भरत होतीस. आता काय झालं? व्याही आठवले?"

"तुळ्या, माझी पोर आहे रे तिथं."

"मग व्याह्यांना विचार, पोरगा का मारलात."

तिनं त्याला शिवी दिली नाही. यावरून ती किती घाबरली होती ते ओळखा. ती घरी आली आणि तिनं विचार केला. या घडीला दिवाण आपलं ऐकणार नाही, तुळाजी ऐकणार नाही. एकाच बाईचं सगळं नगर ऐकेल. ज्या बाईचा पोरगा गेला, तिचं. तिच्या पायावर डोकं ठेवायचं. माझ्या व्याह्यांनी केलं असेल तर मला चपला मार, पण माझ्या लेकीला खाली येऊ दे, एवढा शब्द चावडीवर टाक, असं म्हणायचं. आई आहे ती. आईला कळेल.

रिकाम्या हातानं कसं जायचं? तिनं घाईनं दोन भाकऱ्या थापल्या, पिठलं ढवळलं, वर कडुलिंबाचं पान ठेवलं आणि ताट पदराखाली धरून ती निघाली.

प्रथम ती साळीआळीत गेली. तिथं माग थांबले होते. बायका ओसरीवर डोळे पुसत बसल्या होत्या.

"दुःखाचं दार कुठलं गं?" आत्यानं विचारलं.

"इथलं नाही, आत्या. कुंभारआळीतलं आहे म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात. मी तर सकाळपासून पाणी घेतलं नाही. कोवळं पोर होतं, लग्न ठरलेलं."

"तू पाहिलंस त्याला?"

"पाहायला कशाला हवं? डोळ्यांसमोर दिसतं की." ती बाई खरंच रडत होती.

आत्या कुंभारआळीत आली. तिथं एक म्हातारा चाकाजवळ उकिडवा बसला होता.

"बाबा, दार कुठलं?"

"लोहारआळीतलं. त्यांच्याकडची पोरं तापट, गेला असेल वर भांडायला." मग त्याला आपल्या बोलण्याची लाज वाटली. "मेल्यामागं असं बोलू नये. बाळा, क्षमा कर," असं तो आभाळाकडे बघून म्हणाला.

"तुमच्या आळीत सगळे सुखरूप?"

"देवाच्या कृपेनं सगळे आहेत. म्हणून तर जास्त वाईट वाटतं. दुसऱ्याच्या पदरात निखारा पडला."

लोहारआळीत भाते फुरफुरत होते. ठिणग्या उडत होत्या. कुणाला मान वर करायला सवड नव्हती. तुळाजीची बायको सरू दारात उभी होती. आत्यानं तिलाच विचारलं.

सरूनं तिच्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. "आत्या, चेष्टा करतेस का? तो तुमच्या तेलीआळीतला ना?"

आत्या रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. तेलीआळीतलं एकेक दार तिला तोंडपाठ होतं. कोणत्या घरी कोण शिंकलं ते तिला भिंतीपलीकडून कळायचं. तेलीआळीत कुणीही मेलेलं नव्हतं.

नीट पाहा, काय झालं होतं. प्रत्येक आळीनं आपली दारं मनातल्या मनात चाचपली होती. आपल्याकडचं कुणी नाही, हे कळल्यावर सुटकेचा श्वास टाकला होता. त्या श्वासाची लाज वाटून दुप्पट रडली होती, आणि दुप्पट चिडली होती. नाव विचारणं रीतीत नव्हतं. कुणी विचारलं नाही. ज्यानं दवंडी लिहून दिली त्याला हे पक्कं ठाऊक होतं. या लोकांचा वाईटपणा त्यानं वापरला नाही, चांगुलपणा वापरला. खोट्या बातमीला वाईट माणसंच बळी पडतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या नगराची आठवण ठेवावी.

आत्या ताट घेऊन चावडीकडे धावत सुटली. या वयात ती धावते आहे हे पाहून पोरंटोरंही मागं लागली; सरू आणि कुंभारआळीतला म्हाताराही मागोमाग आले. ऊन माथ्यावर आलं होतं. माणसं रांगा धरून उभी होती. भाल्यांची पाती लखलखत होती. म्हादबाच्या ढोलाचा ठेका वाढत होता, आणि त्या ठेक्यावर पाय आपोआप हलत होते.

ती सरळ ओट्यावर चढली.

"म्हादबा, टिपरी खाली ठेव."

म्हादबानं दिवाणजींकडे पाहिलं. आत्यानं पुढं होऊन ढोलावर हात ठेवला. आवाज थांबला.

"ऐका रे. माझ्या हातात कडू घास आहे. सगळ्या आळ्या फिरून आले. मला दार सापडलं नाही. ज्याच्या आळीत ते दार असेल त्यानं हात वर करावा. मी घास देते आणि बाजूला होते."

एकही हात वर झाला नाही. साळीआळी कुंभारआळीकडे बघत होती, कुंभारआळी लोहारआळीकडे.

दिवाणजी मऊ आवाजात म्हणाले, "साळूबाई, रीत मोडू नका. मेलेल्याचं नाव विचारत नाहीत."

"नाव नको, दार सांगा."

"ते घर दुःखात आहे. त्याला एकांत हवा."

"या नगरात दुःखाच्या घराला एकांत कधीपासून द्यायला लागलो आपण?"

गर्दीत कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. दिवाणजींनी मग आवाज चढवला. तो गर्दीसाठी होता.

"लोकहो, विचारणारी कोण, ते बघा. हिची लेक लांडग्यांच्या घरात नांदते. हिला वेळ काढायचाय. आपला पोरगा तिकडे थंड पडला आणि ही इथं सवाल करते."

"उतर खाली," मागून आवाज आला. "व्याह्यांची हेर," दुसरा म्हणाला. कुणीतरी ढेकूळ मारलं. ते ताटाला लागलं आणि एक भाकरी मातीत पडली. आत्यानं वाकून ती उचलली, पदरानं पुसली आणि परत ताटात ठेवली.

"माझी लेक तिथं आहे. म्हणून तर विचारते," ती म्हणाली. "नसती तर मीही तुमच्यासारखी ओरडत राहिले असते. मघाशी ओरडलेच की. पण सकाळी घंटा वाजली ना? घास पोचला म्हणून वाजली. मग घास नेणारा इथंच कुठंतरी आहे. त्यानं पुढं यावं आणि म्हणावं, आत्या, चल, मी दाखवतो ते दार. बस, एवढंच."

कुणी पुढं आलं नाही. म्हादबा खाली बघत होता.

"घंटा कुणी वाजवली, म्हादबा?"

"वाजव म्हणून सांगितलं. वाजवली."

"आणि घास?"

"घासाचं मला कुणी बोललं नाही."

तुळाजी लोहार रांगेत पुढंच उभा होता. त्यानं हातातला भाला जमिनीवर टेकवला. त्याच्या चेहऱ्यावरचा राग अजून उतरला नव्हता, फक्त कुणावर काढायचा ते त्याला कळेनासं झालं होतं.

"लोहारआळीतला नाही," तो म्हणाला. "आमची सगळी पोरं इथं उभी आहेत."

"कुंभारआळीतलाही नाही," म्हातारा म्हणाला.

"आमच्यातलाही नाही," साळीआळीतून आवाज आला.

"तेलीआळीची हमी माझी," आत्या म्हणाली.

 दिवाणजी घाईनं म्हणाले, "तो सरहद्दीवरचा पहारेकरी होता. त्याचं घर लांब आहे."

"लांब म्हणजे कुठं?" तुळाजीनं विचारलं. "मघाशी आपल्यातला होता. आता लांबचा झाला?"

"दिशा दाखवा," आत्या म्हणाली. "ताट घेऊन मी अनवाणी जाते."

दिवाणजींनी सूर्याकडे बोट दाखवलं. "दिवस कलतोय. बोलत बसलात तर ते लांडगे सावध होतील. आधी चला, चौकशी मागाहून."

इतका वेळ ही घाई लोकांना शौर्याची वाटत होती. आता ती त्यांच्या कानांना वेगळी लागली. पुढच्या रांगेतला एक साळी मटकन खाली बसला आणि त्यानं भाला आडवा ठेवला. शेजारचा बसला. मग सगळी रांग बसली. कुणीही हुकूम दिला नव्हता.

आणि तेवढ्यात कुंभारआळीतला म्हातारा टेकडीकडे हात करून म्हणाला, "ते काय आहे?"

टेकडीवरून धूर निघत होता. काळा, जाड, चुलीचा नसलेला.

सगळी माणसं इथं चावडीवर बसलेली होती. मग वर आग कुणी लावली?

आत्यानं ताट सरूच्या हातात दिलं आणि ती पळत सुटली. या वेळी ती एकटी नव्हती. भाले टाकून, घागरी उचलून सगळं नगर टेकडीची वाट चढू लागलं. तुळाजीनं अर्ध्या वाटेत आत्याला पाठीवर घेतलं. ती त्याच्या पाठीवरून त्याला शिव्या देत होती, हळू चालतोस म्हणून.

झऱ्याच्या बाजूची घरं जळत होती. माणसांनी झऱ्यापासून रांग लावली आणि घागरी हातोहात पुढं सरकवल्या. झुंबर एका आंब्याखाली बसली होती. केस होरपळलेले, मूल छातीशी घट्ट धरलेलं. मूल रडत होतं. ते रडणं ऐकून आत्याचा श्वास परत आला.

पण झुंबरचा सासरा दारात पडलेला होता. तो परत उठणार नव्हता.

"कोण होते गं?" आत्यानं विचारलं.

"राजवाड्याचे शिपाई. तुम्ही चढताना दिसलात तसे पलीकडच्या उतारानं गेले." झुंबरनं मूल दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "आई, ते आज नाही आले. काल संध्याकाळी आले. झऱ्यापाशी मुक्काम केला. मामंजींनी त्यांना गूळ-पाणी दिलं. खालची माणसं म्हणून अंथरायला घोंगड्या दिल्या."

"काल संध्याकाळी?" तुळाजी म्हणाला. "खबर तर आज आली."

 ज्याला हिशेब लागायचा त्याला तो लागला होता. पोरगा मेल्याची दवंडी व्हायच्या आदल्या दिवशीच शिपाई सूड घ्यायला येऊन बसले होते.

त्या दिवशी नगरातल्या चुली पुन्हा विझल्या. या वेळी दार होतं, आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं. आत्या पडली घरची, तिला घास नेता येईना. सरूनं नव्यानं भाकरी केली आणि तुळाजी ताट घेऊन टेकडी चढला. झुंबरची सासू जळक्या उंबऱ्यावर बसली होती. तुळाजीनं ताट तिच्यासमोर ठेवलं आणि तो मान खाली घालून उभा राहिला.

"आम्ही तुमच्यावर चालून येणार होतो," तो म्हणाला.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "झुंबरनं सांगितलं, तिला तिच्या आईनं."

"घास घ्या."

"घेईन. ठेव तिथं. आधी एक सांग. काल संध्याकाळी त्या शिपायांना इथं कुणी पाठवलं?"

 तुळाजी खाली आला आणि त्यानं ते चावडीवर विचारलं. मग सगळ्या नगरानं राजवाड्याच्या दरवाज्यात जाऊन विचारलं. राजा म्हणाला, मला कुणी कळवलं नाही. दिवाणजी म्हणाले, माझं काम दवंडीपुरतं. शिपायांचा नाईक म्हणाला, मला तोंडी हुकूम आला, आवाज ओळखीचा नव्हता. शिक्षा म्हणून म्हादबाचा ढोल काढून घेतला. दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या माणसाला दुसरा ढोल मिळाला.

पण दवंडी पहिल्यासारखी चालेना. नवा माणूस ढोल वाजवून काही सांगू लागला की गर्दीतून एखादी बाई शांतपणे विचारायची, "दार कुठलं?" आणि तो दार सांगेपर्यंत कुणी हत्याराला हात लावत नसे. झऱ्याला कुंपण पडलं नाही.

म्हणून लहानांनी आणि थोरांनी एवढं ध्यानात ठेवावं: कुणी आपल्याला दुःख सांगून हातात शस्त्र देऊ लागला, तर शस्त्र धरण्याआधी त्या दुःखाचं दार बघून यावं.

आदल्या संध्याकाळी शिपायांना टेकडीवर कुणी पाठवलं, हे मात्र झुंबरच्या सासूला अजून कुणी सांगितलेलं नाही.